तिकिटावरचा सिनेमा

मराठी भाषा मोठी काटकसरी. सिनेमाला लागते ते तिकीट आणि पाकिटाला लागते तेही तिकीटच. फरक एवढाच, की पहिले फाडून आपल्याला आत सोडतात आणि दुसरे चिकटवून पत्राला बाहेर धाडतात.

या दोन तिकिटांची सोयरीक टपाल खात्याने जमवली ३० एप्रिल १९७१ ला. दादासाहेब फाळक्यांच्या जन्मशताब्दीचे वीस पैशांचे तिकीट निघाले. २००१ साली शांतारामबापू आले. आणि ३ मे २०१३ ला, 'राजा हरिश्चंद्र'ला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, खात्याने एकदम पन्नास तिकिटे काढली, प्रत्येकी पाच रुपये. भालजी पेंढारकर, दुर्गाबाई खोटे, स्मिता पाटील... अडीचशे रुपयांत सारी तारांगणे!

तो संच मी आमच्या रिद्धपुरातल्या शेजाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून पन्नासही तिकिटे पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, मानसं तं लय मोठी हायेत. पन याच्यात सिनेमा कुठी हाये?"

याहून नेमकी समीक्षा मला करता यायची नाही. सिनेमा म्हणजे हलणारी चित्रे. तिकिटावर मात्र चेहरे, तेही हार घालायची वाट पाहत बसल्यासारखे. नखाएवढ्या जागेत आणखी काय मावणार, असे खाते म्हणेल. खात्याने एकदा आमच्या गावी यावे. इथेच म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ज्याने पाहिले-ऐकले त्याला विचारून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. एकेक लीळा चार-दोन ओळींची, पण तिच्यात माणसे चालतात, बोलतात, रुसतात. जागा कमी असली म्हणून कुणाला पुतळा करून बसवलेले नाही.

आणि लीळा काय फाळक्यांच्या घरी कमी होत्या? हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम तेच आणि सीताही तेच! एका तिकिटाच्या खर्चात जोडपे छापून झाले असते.

पण माझे खरे भांडण सरस्वतीबाईंसाठी आहे. दागिने त्यांचे गेले, कंपनीचा स्वयंपाक त्यांनी रांधला, हे आपल्या बायकांच्या बाबतीत नवलाचे नाही. त्या काळी कोरी फिल्म बिनभोकांची येई. दिवसभराचे काम उरकल्यावर, अंधाऱ्या खोलीत बसून, तिच्या कडांना भोके पाडायची ती या बाईंनी. भोके नसती, तर फिल्म यंत्रात सरकली नसती आणि हरिश्चंद्र जागचा हलला नसता.

तिकिटालाही चारी बाजूंनी भोकेच असतात. ती पन्नास तिकिटे मी दोनदा मोजली. भोके सगळ्यांना आहेत, भोके पाडणारी मात्र एकावरही नाही. चेहरा नको हवा तर. काळोख छापा आणि त्यात फिल्मवर वाकलेले दोन हात. किंमत पाचच रुपये ठेवा. शेजाऱ्यांचे एक, माझी चार.