‘बुक लव्हर्स’: गावात न रमणारी नायिका

आजचं पुस्तक दोन रात्रींत वाचून होतं आणि वाचताना मजा येते. हे कबूल करताना आम्हाला अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं. फडके-खांडेकर वादापासून आपल्याला सवयच लागली आहे, रंजन म्हटलं की ‘पण यात जीवन कुठे आहे?’ असं विचारायची. प्रश्न वाईट नाही. एमिली हेन्री या अमेरिकन लेखिकेच्या ‘बुक लव्हर्स’ (२०२२) या कादंबरीला तो विचारून बघू. शेवटही सांगणार आहोत, तेव्हा ज्यांना वाचायची आहे त्यांनी सांभाळून!

आधी साचा बघा. शहरातला माणूस कामासाठी छोट्या गावात जातो, तिथल्या साध्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि शहराला रामराम ठोकतो. अमेरिकन प्रेमकथांत हे शेकडो वेळा येऊन गेलंय. पण या गोष्टीत शहरात आणखी एक मुलगी असते, सतत फोनवर, कामात बुडालेली, जरा थंड. तिला सोडलं की नायकाचं भलं होतं. हेन्रीने नेमकी हीच मुलगी नायिका केली आहे. नोरा स्टीफन्स न्यूयॉर्कमध्ये लेखकांची एजंट आहे आणि अशी ‘सोडलेली’ ती एकदा नव्हे, अनेकदा झाली आहे.

धाकटी बहीण लिबी तिला महिनाभर नॉर्थ कॅरोलिनातल्या सनशाइन फॉल्स या काल्पनिक गावी नेते. सोबत यादी : घोड्यावर बसायचं, उघड्यावर झोपायचं, गावातलं एखादं दुकान वाचवायचं. म्हणजे प्रेमकथेतल्या सगळ्या गोष्टी ठरवून करायच्या! आणि गावात भेटतो कोण? न्यूयॉर्कमधलाच तिरसट संपादक चार्ली लास्ट्रा. गाव त्याचंच. वडील आजारी, म्हणून तो परत आलाय.

आम्हाला सर्वांत आवडलं ते या दोघांचं एकत्र काम. नोराच्या एका लेखिकेचं हस्तलिखित ते मिळून संपादित करतात. त्यातली कठोर, थिजलेली नायिका आपल्यावरूनच बेतली आहे, हे नोराच्या लक्षात येतं. लोक आपल्याला असं बघतात? ते वाचणं तिला टोचतं. पण काम ती सोडत नाही, पान पानाने पुढे जाते. ‘इथे काय कमी आहे’ हे एकमेकांना खरं सांगता सांगता त्यांचं जुळतं. संवाद खुसखुशीत आहेत, पण त्यांच्या तळाशी हा दुखरा भाग आहे.

आता, चार्ली आणि नोरा एकत्र येणार हे पहिल्या भेटीतच कळतं. खरी धाकधूक वेगळीच आहे. आई गेल्यावर विशीतल्या नोराने लिबीला सांभाळलं. ‘मी सगळं निभावते’ हाच तिचा स्वभाव होऊन बसला. लिबी काहीतरी लपवतेय, हे तिला जाणवतं. तिला वाटतं, बहिणीचा संसार मोडतोय. निघतं भलतंच : लिबीला न्यूयॉर्क सोडून याच गावात राहायचंय. सांभाळायला कुणी उरलं नाही, तर नोराने करायचं काय? ‘जीवन कुठे आहे’ म्हणाल, तर ते इथे आहे.

तक्रारही आहे. लिबी पुस्तकांचं दुकान हाती घेते, चार्ली मोकळा होतो, नोरा आपल्या शहरात राहते. सगळ्यांचं भागतं, जरा जास्तच सोयीने. आजारी वडील, रडतखडत चालणारं दुकान, हे ओझं गावातल्या खऱ्या माणसाच्या डोक्यावरून इतक्या सहज उतरत नाही. गाव शेवटी पाहुण्यांपुरतंच राहतं.

तरी आम्ही हे पुस्तक वाचाच म्हणू. कष्टाळू बाईला सुख मिळायचं तर तिने आधी ‘साधी’ व्हायला हवं, ही अट इथे लेखिकेने काढून टाकली आहे. नोरा शेवटीही नोराच राहते, आणि तिच्यावर प्रेम करणारं कुणी असतं. मजा आली ती बरीचशी यामुळेच.