पाठ्यपुस्तकातली पेशी : एका आकृतीचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटक-सिनेमांची होतात. शालेय पुस्तकातल्या आकृतीचे परीक्षण मात्र कोणी करताना दिसत नाही. वास्तविक एखादी गाजलेली कादंबरी जितके लोक वाचतात त्याच्या कित्येक पट मुले प्राणिपेशीची आकृती पाहतात, वहीत उतरवतात आणि परीक्षेत पुन्हा काढतात. म्हणून या वेळी आम्ही तिलाच परीक्षणासाठी घेतले आहे.

आकृती सर्वांच्या परिचयाची आहे. एक लंबगोल. मध्ये केंद्रक, त्यात केंद्रकीचा गडद ठिपका. केंद्रकाच्या बाजूला आंतर्द्रव्यजालिकेच्या तीन-चार पट्ट्या, एका कडेला गॉल्गी संकुलाची चवड, घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन-तीन तंतुकणिका, एखादी लयकारिका, थोडे ठिपके. उरलेला कागद कोरा. उजवीकडे रेघा ओढून नावे दिलेली. पुस्तके बदलली, छपाई रंगीत झाली, पण रचना हीच राहिली.

पहिला प्रश्न साधा आहे. ही आकृती कोणत्या पेशीची? उत्तर असे की कोणत्याच नाही. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ एडमंड विल्सन यांनी १८९६ साली पेशीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात पेशीची एक सर्वसाधारण आकृती होती. ती मुद्दामच जुळवलेली होती. वनस्पतींतली लवके आणि प्राणिपेशीतला सेंट्रोसोम तिच्यात शेजारी शेजारी नांदत होते. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. १९४५ मध्ये पोर्टर, क्लॉड आणि फुलम यांनी कोंबडीच्या भ्रूणातील अखंड पेशीचे चित्र घेतले. पुढच्या पंधरा वर्षांत पॅलेड आणि इतरांच्या कामातून पेशीचे अंतरंग उलगडत गेले. १९६१ साली बेल्जियमचे जाँ ब्राशे यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्या माहितीवर आधारलेली नवी आकृती दिली. आजची शालेय आकृती याच घराण्यातली आहे. म्हणजे ती छायाचित्र नव्हे, नकाशाही नव्हे. अनेक पेशींतून एकेक नग उचलून मांडलेला तो एक तक्ता आहे. तक्ता असण्यात वाईट काही नाही. वाईट हे की तसे कुठे लिहिलेले नसते.

'मानवी पेशी' म्हणून ती शिकवली की अडचण आणखी वाढते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात, असा अंदाज सेंडर, फुक्स आणि मिलो या संशोधकांनी २०१६ मध्ये काढला. त्यांतल्या शंभरातील सुमारे ८४ तांबड्या रक्तपेशी आहेत. तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, जालिका नाही, गॉल्गी नाही. सुमारे साडेसात मायक्रोमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंनी खोलगट अशी ती हिमोग्लोबिनने भरलेली पिशवी आहे. रक्तबिंबिकांनाही केंद्रक नसते. दोन्ही मिळून आपल्या दर दहांतल्या जवळजवळ नऊ पेशी बिनकेंद्रकाच्या ठरतात. संख्येनेच न्याय करायचा तर आकृतीतली पेशी अगदी अल्पसंख्याक आहे. वजनाने पाहिले तर चित्र उलटे दिसते, हेही सांगायला हवे. वजनाचा मोठा वाटा स्नायू आणि चरबीच्या पेशींचा आहे. पण त्याही आकृतीसारख्या नसतात. स्नायूची पेशी लांब दोऱ्यासारखी व अनेक केंद्रके असलेली. चरबीची पेशी म्हणजे चरबीचा एक मोठा थेंब आणि कडेला ढकललेले केंद्रक.

आता आकृती ज्या पेशीच्या सर्वांत जवळ जाते ती यकृताची पेशी घेऊ, कारण तिची मापे बारकाईने घेतली गेली आहेत. तिच्या आकारमानात तंतुकणिकांचा वाटा सुमारे २२ टक्के आणि केंद्रकाचा सुमारे ६ टक्के असतो. एका पेशीत हजार ते दोन हजार तंतुकणिका असतात. आकृतीत असतात तीन. केंद्रकाच्या बाबतीत मात्र आकृतीवर अन्याय करू नये. ६ टक्के आकारमानाच्या गोलाचा व्यास पेशीच्या व्यासाच्या सुमारे दोन पंचमांश भरतो (०.०६ चे घनमूळ काढून पाहावे), आणि आकृतीत तो साधारण तेवढाच दिसतो. गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

पटलांचे हिशेब तर थक्क करणारे आहेत. यकृताच्या पेशीत जेवढे म्हणून पटल आहे, त्यातले बाहेरचे पेशीपटल जेमतेम २ टक्के. जालिकेच्या खडबडीत आणि गुळगुळीत भागांचे मिळून निम्म्याहून जास्त, आणि तंतुकणिकांच्या आतल्या पटलाचे सुमारे एक तृतीयांश. म्हणजे पेशी ही सीमारेषा आखलेली मोकळी जागा नसून आत घड्याच घड्या घातलेली वस्तू आहे. पेशीत होणाऱ्या रासायनिक क्रियांचा मोठा भाग या घड्यांवर घडतो. आकृतीत जी रेघ सर्वांत ठळक असते तिचा वाटा अगदी लहान, हे मुलांना कळले पाहिजे.

आणि तो कोरा कागद! त्या जागेत काय असते, असे विचारले की मुले 'पाणी' म्हणतात. वजनाने सुमारे ७० टक्के पाणी असते हे खरे. पण पेशीद्रवात प्रथिनांचे प्रमाण दर मिलिलिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम इतके असते. अंड्याच्या पांढऱ्या बलकात ते सुमारे १० टक्के असते; म्हणजे पेशीचा 'रिकामा' भाग त्या बलकाहून दुपटीने किंवा त्याहून जास्त दाट आहे. हा मुद्दा नुसत्या गमतीचा नाही. पेशीत दोन रेणूंची गाठ कशी पडते, प्रथिनाची घडी नीट का बसते किंवा बिघडते, हे सारे त्या गर्दीवर अवलंबून असते.

या बाबतीत शालेय आकृतीशेजारी ठेवून पाहण्यासारखे एक पुस्तक आहे : डेव्हिड गुडसेल यांचे 'द मशिनरी ऑफ लाइफ' (१९९३; दुसरी आवृत्ती २००९). गुडसेल हे स्वतः रेणूंच्या रचनेचे अभ्यासक आणि जलरंगात काम करणारे चित्रकार. त्यांनी पेशीचे अंतरंग दहा लाख पट मोठे करून काढले. या प्रमाणात आपली २० मायक्रोमीटरची पेशी २० मीटरची होईल, म्हणजे शाळेच्या दोन-तीन वर्गखोल्या मिळून. त्यांच्या चित्रात बोट ठेवायला जागा सापडत नाही. प्रथिने, रायबोझोम, तंतू एकमेकांना खेटून उभे. मात्र तेही चित्रच आहे. पाण्याचे व इतर लहान रेणू बहुतेक ठिकाणी गाळलेले आहेत, रंग कल्पनेतले आहेत, आणि गती दाखवण्याची सोय कागदावर नाही. फरक एवढाच की काय गाळले व काय कल्पिले हे गुडसेल वाचकाला सांगतात.

तंतुकणिकांच्या घेवड्याची गोष्टही अशीच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशीचे अतिशय पातळ, ५० ते १०० नॅनोमीटर जाडीचे काप घेतात. २० मायक्रोमीटरच्या पेशीचे असे दोनशे ते चारशे काप पडतील. शेवग्याची वाकडी शेंग आडवी चिरली तर चकत्या मिळतात. चकत्या पाहून कोणी शेवगा चकतीसारखा असतो असे म्हणत नाही. जिवंत पेशीत तंतुकणिका बहुधा लांबट धाग्यांसारख्या असतात, सतत एकमेकींना जुळतात व तुटतात. कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहून धागा आणि कण या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांचे नाव ठेवले. आपल्या परिभाषेतला 'तंतुकणिका' हा शब्द दोन्ही अर्थ सांभाळतो. येथे शब्द बरोबर आहे आणि चित्र चुकले आहे. 'जालिका' या शब्दाचेही तेच : जाळे एकसंध असते, केंद्रकाच्या आवरणालाही जोडलेले असते. आकृतीत मात्र सुट्या पट्ट्या तरंगताना दिसतात.

आकृतीसोबत जी बिरुदे शिकवली जातात त्यांच्याकडे वळू. 'तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जागृह' हे बिरुद फिलिप सिकेविट्झ यांच्या १९५७ सालच्या लेखाच्या मथळ्यामुळे रूढ झाले. ते वाईट नाही. किंबहुना वाटते त्याहून चांगले आहे. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार आतल्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठवले जातात आणि ते परत येताना एटीपी तयार होते. धरणाचे पाणी जनित्रातून सोडावे तसे. एटीपी बनवणारे प्रथिन खरोखरच फिरते. पण वर्गात हे कोण सांगते? बिरुद पाठ होते, आणि त्यामागचे धरण सुटून जाते.

'लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या' हे बिरुद मात्र आमच्या मते काढूनच टाकावे. ख्रिश्चियाँ द द्यूव यांनी १९५५ मध्ये लयकारिकांना नाव दिले तेव्हा त्या फुटून पेशी मरत असावी ही कल्पना स्वाभाविक होती. तशी पेशी कधी मरतेही. परंतु पेशीच्या ठरवून होणाऱ्या मरणाचा मुख्य मार्ग वेगळा निघाला. त्या मार्गात तंतुकणिकेतून सायटोक्रोम सी बाहेर पडणे ही एक निर्णायक घटना आहे, हे १९९६ मध्ये दिसून आले. म्हणजे ऊर्जागृहाचा हात मरणात, आणि 'आत्मघाती पिशवी' मात्र जगण्याच्या कामात. लयकारिका जुनी प्रथिने, मोडकी अंगके तोडून त्यांचा माल पुन्हा वापरात आणते. या प्रक्रियेची जनुके शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बिरुद खरे असते तर लयकारिका बिघडल्यावर पेशीचे भलेच व्हायला हवे होते. वस्तुस्थिती उलट आहे. पाँपे विकार असलेल्या बाळांत ग्लायकोजेन तोडणारे लयकारिकेतले एक विकर नसते, हे आँरी-झेरी एर्स यांनी १९६३ मध्ये दाखवले. ग्लायकोजेन साचत जाते, हृदय आणि स्नायू दुबळे होतात. आपल्या वर्गात बसलेल्या मुलाच्या घरी असा आजार असू शकतो. डॉक्टरांचे बोलणे समजून घेताना त्याला शाळेतले शब्द उपयोगी पडावेत, निदान आड येऊ नयेत.

'केंद्रक म्हणजे पेशीचा मेंदू' याबद्दल एकच गोष्ट पुरे : तांबडी रक्तपेशी केंद्रकाशिवाय सुमारे १२० दिवस काम करते. दुरुस्तीचे नवे भाग तिला बनवता येत नाहीत, म्हणून ती झिजते. तेव्हा केंद्रकाची तुलना मेंदूपेक्षा कारखान्याच्या नकाशांच्या कपाटाशी अधिक जुळते. अर्थात कारखान्यालाही मालक असतो, पेशीला नाही. तुलना तिथे थांबवावी.

शेवटचा आक्षेप आकृतीवर नाही, तिच्या वापरावर आहे. गालाच्या आतल्या पेशींचा प्रयोग बहुतेक शाळांत होतो. सूक्ष्मदर्शकाखाली मूल पाहते ते एवढेच : एक चपटा, वेडावाकडा, सुमारे ५० ते ६० मायक्रोमीटरचा तुकडा आणि त्यात मेथिलीन ब्लूने निळा झालेला केंद्रकाचा ठिपका. आणि प्रयोगवहीत 'निरीक्षण' या शीर्षकाखाली ते काढते गॉल्गी, जालिका आणि रायबोझोमसह सुबक व नामनिर्देशित आकृती. शिक्षक त्यावर 'छान' असा शेरा देतात. दोष शिक्षकाचा म्हणता येत नाही, कारण गुण त्या आकृतीलाच असतात. पण न पाहिलेले 'पाहिले' म्हणून लिहिण्याचा पहिला धडा मुलाला इथे मिळतो. पदव्युत्तर शिक्षण घेऊन संशोधनाला आलेल्या मुलांनाही 'तुला दिसले तेवढेच काढ' हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, असा आमचा अनुभव आहे.

यावर उपाय खर्चाचा नाही. वहीचे डावे पान 'मी पाहिले' यासाठी, उजवे 'पुस्तकात पाहिले' यासाठी ठेवावे. उजव्या पानावर प्रमाण लिहायला लावावे. २० मायक्रोमीटरची पेशी २० सेंटिमीटरची काढली तर ती दहा हजार पट मोठी झाली. मग पेशीपटलाची जाडी एक दशांश मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेपेक्षा बारीक, आणि रायबोझोम पाव मिलिमीटरचा. हा हिशेब एकदा केला की आपण काय काढतो आहोत ते मुलांना आपोआप कळते.

डाव्या पानाबाबत एक सूचना. गालाच्या पेशीवर पुष्कळदा बारीक निळे ठिपके किंवा काड्या दिसतात. मुले लगेच त्यांना रायबोझोम किंवा तंतुकणिका म्हणतात. ते तोंडातले जिवाणू असतात, सुमारे एक मायक्रोमीटरचे. रायबोझोम त्यांच्याही आत हजारोंनी असतात, पण शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून ते कोणालाच दिसत नाहीत.