'अवर गँग' : हसण्याचे दोन प्रकार

मूकपटांच्या काळातले बरेच विनोद आज फिके वाटतात. हॅल रोच यांनी १९२२ मध्ये हॉलिवूडजवळच्या आपल्या स्टुडिओत सुरू केलेल्या 'अवर गँग' या लघुपटमालिकेतली खोडकर पोरे मात्र अजूनही हसवतात. पण या हसण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखल्याशिवाय या लघुपटांचे मोल ठरवता येणार नाही, असे आम्हांला वाटते.

दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवन मुलांना संवाद पाठ करायला लावत नसत. प्रसंग समजावून द्यायचा आणि कॅमेरा सुरू असतानाच सूचना करायच्या, ही त्यांची रीत. ध्वनिमुद्रण नसल्याने ते शक्य होते. त्यामुळे चेहराभर वांग असलेला मिकी डॅनियल्स किंवा गोलमटोल जो कॉब अभिनय करताहेत असे वाटतच नाही. ही पोरे भंगारातून गाडी बनवतात, मंडळे काढतात, मोठ्यांची नक्कल करतात. त्यांचा डाव कोसळतो तेव्हा आपण हसतो. पण असतो त्यांच्याच बाजूने.

या टोळीत काळी आणि गोरी मुले एकत्र होती. त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिण भागात त्यांच्या शाळा कायद्याने वेगळ्या होत्या. १९२३ च्या 'लॉज नाइट'मध्ये तर पोरांनी कू क्लक्स क्लॅनच्या गुप्त मंडळाची टर उडवली आहे, आणि त्यांच्या मंडळात काळी मुलेही सभासद आहेत.

तरीही सगळे निर्मळ नाही. अ‍ॅलन हॉस्किन्स या काळ्या बालनटाने रंगवलेला 'फरीना' पाहावा. भीतीने त्याचे केस ताठ उभे राहतात, पडद्यावरच्या पाट्यांत त्याच्या तोंडी मोडकीतोडकी बोली घातलेली असते. इथे हसू खोडीमुळे येत नाही, वर्णामुळे येते. हा विनोद शिळा झाला आहे आणि आज तो बोचतो.

म्हणून हे लघुपट कपाटात बंद करावेत काय? आम्हांला तसे वाटत नाही. फरीना रडू लागला की ते व्यंगचित्र गळून पडते आणि समोर एक दुखावलेले लहान मूल उरते. आपल्या मुलांना हे लघुपट जरूर दाखवावेत. मात्र शेजारी बसून, कुठे हसू आले आणि का आले, हेही त्यांना विचारावे.