‘सर्वांना पूर्ण परवानगी’ : भिंतीवरच्या एका कागदाची तपासणी

इंदापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या संगणक-खोलीत भिंतीवर चिकटवलेला एक कागद अलीकडेच आमच्या पाहण्यात आला. शाळेकडे दहा संगणक आहेत. त्यांपैकी सहा जुने. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या यंत्रांवर चालेना, म्हणून त्यांवर लिनक्स बसवले गेले. उरलेल्या चारांवर विंडोज आहे. नववीच्या मुलांनी भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर केलेल्या पक्ष्यांच्या नोंदी लिनक्सच्या एका संगणकात होत्या आणि त्यांचे आलेख विंडोजवर काढायचे होते. त्यासाठी सर्वांना उघडता येईल असा सामायिक फोल्डर हवा. कागद त्याचाच होता : फायरवॉल बंद करा, परवलीचा शब्द विचारणे बंद करा, विंडोजमधील ‘एसएमबी १’ चालू करा, फोल्डरला ‘सर्वांना पूर्ण परवानगी’ द्या, लिनक्सवर ७७७ द्या.

असे कागद अनेक शाळांत आणि कार्यालयांतही सापडतात. त्यांतील सूचना पाळल्या की फोल्डर खरोखर उघडतो, आणि मग त्यांच्याविषयी कोणी काही विचारत नाही. आम्हाला मात्र यातील जवळजवळ प्रत्येक ओळीवर आक्षेप आहे.

मुळात अडचण कशाची आहे ते पाहू. दोन संगणक तारेने जोडले म्हणजे त्यांना एकमेकांच्या फाइली दिसतात असे नाही. ‘ही फाइल दे’, ‘ही लिहून ठेव’, ‘मी अमुक, मला आत घे’ हे सांगण्याची ठरलेली भाषा लागते. विंडोजची ही भाषा म्हणजे एसएमबी. तिचा उगम १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएममध्ये, बॅरी फायगेनबाउम यांच्या कामात आहे. पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी करून वाढवली. लिनक्सवर ही भाषा बोलणाऱ्या आज्ञावलीचे नाव सांबा. तिची जन्मकथा विज्ञानशिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी.

१९९१ च्या अखेरीस कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हा संशोधक विद्यार्थी आपला डॉसचा संगणक एका युनिक्स यंत्राला जोडू पाहत होता. त्या भाषेचे व्याकरण त्याच्या हाती नव्हते. त्याने तारेतून जाणारे संदेश टिपले, एका बाजूने काय विचारले की दुसरी बाजू काय उत्तर देते याची नोंद केली, अंदाज बांधला, तसे उत्तर स्वतः पाठवून पाहिले आणि चुकले की अंदाज सुधारला. परक्या भाषेच्या गावातील उपाहारगृहात कोपऱ्यात बसून, कोणी काय मागितले की काय येते हे पाहत भाषा शिकावी, तसाच हा प्रकार. निरीक्षण, तर्क, पडताळा या पाठ्यपुस्तकातील पायऱ्यांचे याहून जिवंत उदाहरण आमच्या तरी माहितीत नाही. ‘सांबा’ हे नावही एस, एम, बी ही अक्षरे या क्रमाने असलेले शब्द शब्दसूचीत शोधून मिळवलेले आहे.

व्याकरण अधिकृतपणे हाती यायला मात्र बराच काळ गेला. युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला. त्या निर्णयात, इतरांच्या आज्ञावलींना विंडोजशी बोलता यावे म्हणून लागणारी माहिती द्यावी, असाही आदेश होता. २००७ मध्ये न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात दहा हजार युरो भरून सांबाच्या कार्यकर्त्यांना ती कागदपत्रे मिळाली. शाळेतील विंडोज आणि लिनक्स आज एकमेकांशी बोलतात, त्यामागे हे सगळे आहे.

आता कागदाकडे. त्यातील सर्वांत वाईट ओळ ‘एसएमबी १’ ची. ही त्या भाषेची जुनी बोली. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू विंडोजमधील याच बोलीच्या हाताळणीतील दोषातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला. दोषावरची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती, पण ती अनेकांनी बसवलेली नव्हती. त्यानंतर विंडोजने ही बोली हळूहळू बाजूला काढली आणि सांबानेही २०१९ च्या ४.११ या आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली. मग कागद ती पुन्हा चालू करायला का सांगतो? कारण लिनक्सचा संगणक विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत दिसत नाही, आणि जुनी बोली चालू केली की पुष्कळदा दिसू लागतो.

येथे दोन गोष्टींची गल्लत आहे. यादीत नाव दिसणे वेगळे आणि यंत्रापर्यंत पोचता येणे वेगळे. एखाद्याचे नाव दूरध्वनी-पुस्तिकेत नसले म्हणून त्याला फोन लागत नाही असे नाही! नावांची यादी बनवण्याची जुनी पद्धत पहिल्या बोलीवर विसंबून होती. नवे विंडोज ती यादी वेगळ्या पद्धतीने बनवते आणि ती पद्धत सांबा स्वतः बोलत नाही. विंडोजच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे लिनक्स यंत्राचा आकडी पत्ता लिहून पाहा. आम्ही शाळेत तेवढेच केले आणि जुन्या बोलीशिवाय दार लागले. अर्थात विंडोजचाही दोष आहेच. ‘मार्ग सापडला नाही’ हा एकच संदेश यंत्र बंद असले, फायरवॉलने अडवले किंवा नाव कळले नाही तरी येतो. रोग वेगळे आणि लक्षण एक, असे झाले की माणूस कागदावरची सगळीच औषधे एकदम घेतो.

दार लागले, पण परवलीचा शब्द चालेना. लिनक्सवर बसताना चालणारा शब्द येथे का नाकारला जातो, असा बाईंचा रास्त प्रश्न होता. लिनक्स शब्द जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा एक चुरा करून ठेवते. विंडोजच्या भाषेला लागणारा चुरा निराळ्या रीतीने केलेला असतो. पिठावरून धान्य परत मिळत नाही, त्यामुळे एका चुऱ्यापासून दुसरा बनवता येत नाही. म्हणून सांबाला तोच शब्द एकदा वेगळा सांगून ठेवावा लागतो. अर्ध्या मिनिटाचे काम! कागद मात्र शब्द विचारणेच बंद करायला सांगतो. विंडोजच्या शिक्षणसंस्थांसाठीच्या आवृत्तीत असा बिनओळखीचा पाहुणा २०१७ च्या अखेरीपासून मुळातच नाकारला जातो, म्हणजे तेथे ही सूचना चालणारही नाही.

फायरवॉलविषयी थोडक्यात : संपूर्ण भिंत पाडायचे कारण नाही. एसएमबीला ४४५ क्रमांकाची एकच खिडकी पुरते. शाळेचे जाळे ‘खाजगी’ म्हणून नोंदवून फाइल-वाटपाला मुभा द्यावी.

उरले ७७७. यातील पहिला सात मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा जगाचा. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक, मिळून सात. हे गणित सहावीच्या मुलालाही जमते. ते सांगितले असते तर तिसरा सात कोणी लिहिला नसता. सांबात दोन दारे असतात, एक वाटपाचे आणि एक लिनक्सच्या स्वतःच्या परवानगीचे, आणि ज्याची अट कडक तिचे चालते. या शाळेत दोन्ही सताड उघडी होती. पक्ष्यांच्या नोंदींशेजारी, त्याच फोल्डरमध्ये, युडायससाठी जमवलेली विद्यार्थ्यांची आधार क्रमांकांसह यादी होती. खोलीतील कोणत्याही खुर्चीवरून ती वाचता येत होती, आणि पुसताही येत होती. आम्ही प्रथम ती हलवायला लावली. मग पक्षीनोंदींसाठी वेगळा गट करून त्याला ७७० दिले.

कागदात मुळीच नसलेली एक गोष्ट मराठी शाळांना सर्वांत आधी भेडसावते : फाइलींची मराठी नावे. इंग्रजीतील लहान-मोठ्या अक्षरांवरून लिनक्स आणि विंडोजमध्ये चालणारा वाद देवनागरीत उद्भवत नाही, हे आपले भाग्य. पण लिनक्सवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासह, तीन बाइट घेते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. विंडोज आपल्या डिस्कवर तशी २५५ घेते. त्यामुळे ‘इयत्ता नववी तुकडी अ द्वितीय सत्र...’ अशा थाटाचे लांबलचक नाव विंडोजवर बिनतक्रार बसते आणि सामायिक फोल्डरमध्ये टाकताना अडते. तसेच लिनक्सवर नावात विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे दोन टिंब दिले तर ते विंडोजला निषिद्ध असल्याने तेथे काहीतरी भलतेच नाव दिसते.

दुपारी एका मुलीने आम्हाला बोलावले. सामायिक फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या फेरीच्या नोंदी’ या नावाच्या दोन फाइली होत्या, एकीत रोहित पक्ष्यांची मोजणी आणि दुसरीत बाकीचे पक्षी. एकाच नावाच्या दोन फाइली एका फोल्डरमध्ये राहू शकत नाहीत, असे तिला शिकवलेले होते. तिने दोन्ही नावांतील बाइट मोजले. एक नाव दुसऱ्यापेक्षा तीन बाइटांनी लांब निघाले. एकाने इनस्क्रिप्टवरील ऱ ची स्वतंत्र कळ दाबली होती. दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह देऊन तोच आकार मिळवला होता.