पंप १२ व्होल्टचा, धोका २३०चाच

नांदेड-लातूरकडं पारा ४२ च्या पुढं गेला की एक कृती हमखास फिरायला लागते: कूलरमधला जुना पंप काढा, १२ व्होल्टचा छोटा डीसी पंप टाका आणि घरच्या लायटीवर चालवा. कल्पना चांगली आहे. माझं भांडण ‘घरच्या लायटीवर’ या दोन शब्दांशी आहे, कारण सगळा धोका तिथंच लपलाय.

आधी कल्पनेच्या बाजूनं बोलू. मिनिटाला १० लिटर पाणी एक मीटर वर चढवायला लागतात जेमतेम १.६ वॅट. कूलरच्या साध्या पंपावर लिहिलेलं असतं १८ वॅट. म्हणजे एवढ्याशा कामासाठी आपण पाण्यात २३० व्होल्ट सोडून बसतो. कॉइल इपॉक्सीत बंद असते म्हणून निभावतं. पण आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. क्षार साचून पंप अडकतो, कॉइल तापत राहते, आणि वायर कुरतडायला उंदीर आहेतच. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानानं १००० ओहम धरा. २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपिअर जातील, १२ व्होल्टला फक्त १२. पहिला आकडा जीव घेऊ शकतो.

आता ती कृती. कित्येक ठिकाणी सांगतात, ट्रान्सफॉर्मर कशाला, मालिकेत एक कपॅसिटर लावा, पुढं चार डायोड, झालं! हे गणितातच बसत नाही. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला १ मायक्रोफॅरड कपॅसिटर साधारण ७२ मिलिअँपिअर देतो. छताच्या पंख्याचा २.५ चा कपॅसिटर लावला तरी १८० च्या आसपास. दीड अँपिअर खाणाऱ्या पंपाला २० मायक्रोफॅरड लागतील. पंपाची वायर सुटली, भार गेला, की पुढच्या टोकांवर ३०० च्या वर व्होल्ट चढतात. आणि समजा सगळं नीट चाललं, दोन वायरींमध्ये मीटरनं बरोबर १२ व्होल्ट दाखवले, तरी त्यातली प्रत्येक वायर जमिनीच्या हिशेबानं ‘फेज’वर असू शकते. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाला मीटरचे १२ नाही, हे दुसरे व्होल्ट लागतात.

याला आमच्या विषयात आयसोलेशन म्हणतात. अ‍ॅडॉप्टरच्या आत दोन कॉइल असतात, त्यांच्यात तांब्याचा संबंध नसतो. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडं जाते. व्होल्टेज कमी करणं हे त्याचं अर्धंच काम. म्हणून बीआयएसचा आर-नंबर असलेला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घ्या, आणि तो टाकीवर टांगू नका, कोरड्या जागी ठेवा. पंप दीड अँपिअरचा असेल तर अ‍ॅडॉप्टर किमान दोनचा, तीनचा असला तर उत्तम. सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते. अ‍ॅडॉप्टर तोकडा असला की पंप नुसता उचक्या देतो आणि लोक म्हणतात, पंपच खराब निघाला.

पण कूलरच्या बाबतीत एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. पंप बदलला तरी पंख्याची मोटर २३० वरच आहे आणि बॉडी पत्र्याची. तिथं तीन पिनांचा प्लग, खरंखुरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. साध्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा करंट जाणवतसुद्धा नाही.

हा पंप खरा शोभतो लातूरच्या ड्रमवर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते हेच शहर. पाणी साठवल्याशिवाय इथं घर चालत नाही. प्लास्टिकचा ड्रम, आत १२ व्होल्टचा पंप, शेजारी पंखा नाही की पत्रा नाही. फक्त खोक्यावरचा ‘३ मीटर’ जपून वाचा. त्या उंचीला पाणी पोचतं, वाहत नाही: प्रवाह शून्य असतो. मीटर-दीड मीटरवरच्या मोरीच्या नळापर्यंत ठीक, गच्चीवरच्या टाकीसाठी हा पंप घेऊ नका.