मुहंमद हुसेन ‘जाह’ : तिलिस्मी कथाकाराचा पूर्वकाळ

लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पहिले चार खंड मुहंमद हुसेन ‘जाह’ यांचे. १८९० नंतरचे अहमद हुसेन ‘कमर’ यांचे. होशरुबापूर्वी जाह यांनी ‘तिलिस्म-ए-फसाहत’ लिहिली होती. फसाहत म्हणजे वाणीचा निर्दोष ओघ; या लेखकाची पुढील महत्त्वाकांक्षा त्या शीर्षकातच सूचित होते.

होशरुबा फारसीतून उतरवल्याचे सांगितले गेले. तसे मूळ मात्र उपलब्ध नाही. तिचा उगम लखनौच्या मौखिक दास्तानगोईत, विशेषतः मीर अहमद अली यांच्या परंपरेत, शोधला जातो. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथा भाषांतर म्हणून दिल्या आणि ते भाषांतरच होते. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) कादंबरी म्हणूनच वाचकांपुढे आली. जाह यांची स्थिती याहून अवघड आहे. भाषांतरकाराचा वेष पांघरल्याने ग्रंथाला प्रतिष्ठा लाभली, परंतु निर्मात्याचे श्रेय झाकले गेले.

श्रेय द्यावे असे त्यांच्याजवळ पुष्कळ होते. जादूगारांचा सम्राट अफ्रासियाब याच्याजवळ सर्व घडामोडी सांगणारी सामरीची पोथी आहे. तरीही अमर अय्यार वेषांतराने त्याला वारंवार चकवतो. पोथी सर्वज्ञ असली तरी ती उघडण्याची आठवण सम्राटाला वेळेवर व्हावी लागते! अद्भुताला असे मानवी छिद्र ठेवण्यात जाह यांचे कथनकौशल्य आहे. सत्तेचा पराभव शौर्याइतकाच लबाडीने होतो, ही गोष्ट तत्कालीन वीरकथेत लहान नव्हे. अमरची झंबील, म्हणजे साऱ्या जगाला पुरून उरणारी पिशवी, हेही त्याच खट्याळ वृत्तीचे प्रतीक मानता येईल. उलट बागा, पोशाख व सैन्य यांच्या याद्या वाचकाला थकवतात. बैठकीत दास्तानगोच्या आवाजाने त्या तोलून धरल्या असतील. छापील पानावर तो आवाज नाही. वेषांतर, बेशुद्धी, सुटका या क्रमाची पुनरावृत्तीही खटकते.

तथापि या ग्रंथाचा खरा वाचक कोण, हे प्रेमचंदांच्या आठवणींतून कळते. वयाच्या सुमारे तेराव्या वर्षी गोरखपुरात एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानी बसून त्यांनी होशरुबाचे खंड वाचले. मोबदला म्हणून ते त्या दुकानातील मार्गदर्शिका आपल्या शाळेत विकून देत. किशोरवयीन वाचकांसाठी म्हणून जाह यांनी एक ओळही लिहिली नव्हती; अशा वाचकांनी मात्र त्यांना आपलेसे केले, आणि मुखपृष्ठावर भाषांतरकार आहे की कादंबरीकार, याची विचारपूस त्या दुकानात कोणी केली नाही.