शब्द परत घेणं म्हणजे नेमकं काय?

आज ज्या शब्दाबद्दल बोलायचंय तो मी उच्चारणार नाहीये. अमेरिकेत त्याला ‘एन-वर्ड’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. सोवळेपणा म्हणून नव्हे. तो परत घ्यायचा की टाकायचा हा वाद तिथल्या कृष्णवर्णीयांचा आहे, आणि त्यात आपण फक्त श्रोते आहोत.

रिचर्ड प्रायरपासून सुरुवात करू. १९७४ साली या विनोदवीराचा अल्बम आला. नावातच हा शब्द, आणि वर त्याला ग्रॅमीही मिळालं. भूमिका अशी, की शब्द इतका वापरायचा, इतका वापरायचा, की त्याची नांगीच मोडावी. मग १९७९ मध्ये प्रायर केनियाला गेला आणि परतल्यावर त्यानं तो शब्द सोडला. ‘लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप’ या १९८२च्या चित्रपटात तो हे स्वतः सांगतो. हॉटेलच्या लॉबीत बसलाय, भोवती नाना तऱ्हेची माणसं आहेत, आणि एकदम लक्षात येतं की त्या शब्दात बसेल असं इथे कुणीच नाही!

हा प्रसंग बरेच जण वादाचा निकाल म्हणून सांगतात. मला ती घाई वाटते. केनियात पोलीस काळा, मंत्री काळा, दुकानदारही काळा. तिथे त्या शब्दाला कामच नव्हतं. प्रायर परतला त्या देशात मात्र ते काम चालूच होतं. म्हणून तर १९८८ साली गाजलेल्या ‘एन. डब्ल्यू. ए.’च्या नावातला पहिला ‘एन’ पुन्हा तोच. रॅपवाले म्हणतात, आमचा शब्द वेगळा, शेवटी ‘र’ नाही. आता एका ‘र’वर एवढा भार टाकायचा, हे जरा जास्तच झालं.

आपल्याकडे लगेच ‘दलित’ शब्दाची आठवण काढतात, कारण १९७२ची दलित पँथर ब्लॅक पँथरवरूनच आली. पण ‘दलित’ ही शिवी नव्हती, तुलना अर्धीच लागते. खरी तुलना ‘ब्लॅक’शी आहे. कितीतरी ‘नीग्रो’ मंडळींना ‘ब्लॅक’ म्हटलेलं अपमानाचं वाटे. १९६६ मध्ये स्टोकली कारमायकेलनं ‘ब्लॅक पॉवर’ची हाक दिली आणि काही वर्षांत तो अभिमानाचा शब्द झाला. सगळ्यांसाठी झाला, गोऱ्या बातमीदारासाठीसुद्धा. एन-वर्डचं उलटं आहे. तो ‘परत घेतला’ याची खूणच ही, की बाहेरच्यानं तो म्हणायचा नाही. म्हणजे जखम भरलेली नाही, फक्त तिला हात कुणी लावायचा ते ठरलंय. दोन्हींना एकच ‘परत घेणं’ म्हणणारे समीक्षक इथेच चुकतात, असं माझं मत.

२००७ मध्ये डेट्रॉइटला ‘एनएएसीपी’नं या शब्दाची चक्क अंत्ययात्रा काढली. आणि गंमत बघा, १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावातला ‘सी’ म्हणजे ‘कलर्ड’. आज कुणी कुणाला तसं म्हणत नाही, पण त्याला पुरायची गरज कुणाला वाटली नाही.

प्रश्न घेऊया.